टकीलाला मार्क कसे देतात? ब्लाइंड टेस्ट, रेटिंग आणि अ‍ॅपमागचं गणित सोप्या भाषेत

मोबाईल घ्यायचा असो, जेवायला जायचं असो की पिक्चर बघायचा असो, आपण आधी स्टार बघतो. ४.३ दिसले की बरं वाटतं, ३.६ दिसले की बोट पुढे सरकतं. पण हा आकडा तयार कसा होतो, त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे फारसं कोणी सांगत नाही. आजच्या लेखात मी ते टकीलाचं उदाहरण घेऊन सांगणार आहे.

टकीलाच का? मोबाईलची बॅटरी तासांत मोजता येते, दोन कॅमेऱ्यांचे फोटो शेजारी-शेजारी ठेवता येतात. चवीला असा मीटर नाही. त्यात बाटली महाग, लेबल देखणं, मागे एखादा सिनेस्टार उभा, आणि वर प्यायल्यावर परीक्षकच हळूहळू बदलत जातो! रेटिंगमध्ये जे जे बिघडू शकतं ते सगळं इथे एकाच ठिकाणी सापडतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी कायद्याने वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात, गोव्यात २१. तुम्ही त्याखालचे असाल तर लेख गणितासाठी वाचा. तेच गणित कॉफीला, हापूसला आणि प्ले स्टोअरवरच्या अ‍ॅपलाही लागू पडतं.

टकीला म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे शेताच्या बांधावर कुंपण म्हणून घायपात लावतात, ते आठवा. त्याच कुळातल्या निळसर पानांच्या अगावे या वनस्पतीपासून टकीला बनते. बरेच लोक तिला निवडुंग समजतात, पण ती निवडुंग नाही. झाड तयार व्हायला साधारण ६ ते ८ वर्षं लागतात. मग पानं छाटून मधला गड्डा काढतात, तो भाजतात किंवा वाफेवर शिजवतात, चिरडून रस काढतात, रस आंबवतात आणि बहुधा दोनदा ऊर्ध्वपातन करतात.

टकीला हे नाव मेक्सिकोने १९७४ साली कायद्याने राखून ठेवलं. हालिस्को हे पूर्ण राज्य आणि ग्वानाह्वातो, मिचोआकान, नायारित, तामाउलिपास यांचे ठरावीक भाग, एवढ्याच प्रदेशात बनलेल्या मद्याला टकीला म्हणता येतं. आपल्या गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये जीआय टॅग मिळाला, तसाच हा प्रकार. म्हणूनच भारतात दख्खनच्या पठारावरच्या अगावेपासून जे मद्य बनतं त्याच्या बाटलीवर ‘अगावे स्पिरिट’ असं लिहितात, टकीला लिहीत नाहीत.

देखरेखीसाठी १९९४ पासून टकीला नियामक परिषद आहे. तिच्या स्पॅनिश नावाची आद्याक्षरं सीआरटी, पुढे मी तेच वापरतो.

आता रेटिंगच्या दृष्टीने कामाची गोष्ट. टकीलाचे प्रकार आहेत. ‘ब्लांको’ म्हणजे लाकडी पिंपात जवळजवळ न ठेवलेली. ‘रेपोसादो’ म्हणजे किमान २ महिने पिंपात ठेवलेली. ‘अन्येहो’ किमान १ वर्ष, ‘एक्स्ट्रा अन्येहो’ किमान ३ वर्षं. शिवाय ‘१०० टक्के अगावे’ लिहिलेली वेगळी आणि ‘मिक्स्तो’ वेगळी. मिक्स्तोमध्ये किमान ५१ टक्के साखर अगावेची असते, बाकीची उसाची वगैरे चालते. ब्लांको आणि एक्स्ट्रा अन्येहोला एकाच यादीत लावणं म्हणजे कैरी आणि पिकलेला आंबा यांना गोडव्यावरून मार्क देण्यासारखं आहे. कैरी दर वेळी हरणार, आणि त्यात तिची काही चूक नाही.

म्हणून पहिला नियम हा: गुण प्रकाराच्या आतच द्यायचे. कुठल्याही यादीत एक ते दहा क्रमांकांवर सगळ्याच जुन्या, महाग, पिंपातल्या बाटल्या दिसल्या तर समजा, हा नियम तिथे पाळलेला नाही.

आपली जीभ किती भरवशाची?

फारशी नाही. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही, लोकांनी तपासून पाहिलंय. हे प्रयोग वाइनवर झाले, पण माणूस तोच, मेंदू तोच.

फ्रान्समधल्या बोर्दो इथे वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना संशोधकांनी पांढरी वाइन दिली, फक्त तिच्यात वास नसलेला लाल रंग मिसळलेला होता. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन करताना लाल वाइनसाठी वापरतात तेच शब्द वापरले. २००१ मध्ये हे संशोधन छापून आलं. म्हणजे नाकाने काय हुंगलं ते डोळ्यांनी ठरवलं. टकीलात याचा थेट संबंध आहे: गडद सोनेरी रंग दिसला की ‘व्वा, जुनी दिसतेय’ असं मनात येतंच. तो रंग पिंपातून आला की कॅरॅमलमधून, हे डोळ्यांना कळत नाही.

दुसरा प्रयोग २००८ चा, कॅलिफोर्नियातला. एकच वाइन लोकांना दोनदा दिली, एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० डॉलरची म्हणून. लोकांना ‘महाग’ वाइन जास्त आवडली. ते उगाच भाव मारत नव्हते, मेंदूच्या स्कॅनमध्येही सुखाशी निगडित भाग जास्त सक्रिय दिसला. किंमत माहीत असलेल्या माणसाचं रेटिंग का जपून घ्यायचं, ते यावरून कळतं.

आणि तज्ज्ञ? रॉबर्ट हॉजसन नावाच्या निवृत्त प्राध्यापकांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाइन स्पर्धेत परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीन वेगवेगळ्या ग्लासांत दिली. तिन्हींना एकाच पदकाच्या पट्ट्यात बसतील असे गुण देऊ शकणारे परीक्षक साधारण १० टक्के निघाले. हेही २००८ मध्येच छापलं गेलं. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्पर्धेच्या आयोजकांनी हा प्रयोग होऊ दिला. आपल्या परीक्षकांची परीक्षा घेऊ देणारे आयोजक फार थोडे.

ब्लाइंड टेस्ट कशी करतात?

डोळ्यांवर पट्टी बांधतात असं नाही. बाटली कोणती, किती रुपयांची, कुणाची, हे चाखणाऱ्याला माहीत नसतं, एवढंच. ओतणारा माणूस वेगळा, तो ग्लासावर फक्त नंबर टाकतो. जो ग्लास पुढे ठेवतो त्यालाही आत काय आहे ते माहीत नसेल तर त्याला डबल ब्लाइंड म्हणतात. ओतणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनही बरंच कळतं, पत्ते खेळणाऱ्यांना हे सांगायला नको.

ग्लास सगळ्यांना सारखे हवेत. वर किंचित निमुळता होणारा, पाय असलेला ग्लास चांगला, कारण त्यात वास साठतो. उंच छोट्या शॉट ग्लासात वास पसरायला जागाच नसते. मीठ-लिंबू तर अजिबात नाही. एका ग्लासात २०-२५ मिली पुरतात, आणि गंभीरपणे काम करणारे परीक्षक चाखून थुंकतात. विचित्र वाटेल, पण पाचव्या ग्लासापर्यंत न्याय करायचा तर दुसरा उपाय नाही. मध्ये साधं पाणी आणि बिनचवीचं बिस्किट.

क्रमाचा घोळ मात्र लोक विसरतात. तीव्र टकीलानंतर सौम्य टकीला पाण्यासारखी लागते. (कायद्याने टकीला ३५ ते ५५ टक्के अल्कोहोलची असू शकते, फरक मोठा आहे.) म्हणून आधी ब्लांको, मग रेपोसादो, मग अन्येहो असा क्रम ठेवतात आणि एका प्रकारातल्या बाटल्यांचा क्रम प्रत्येक परीक्षकासाठी वेगळा ठेवतात. सगळ्यांना एकच क्रम दिला तर पहिल्या ग्लासाचं नशीब सगळ्यांकडे सारखंच वाईट.

आणि हॉजसन यांच्यासारखी युक्ती घरीही करता येते. एक बाटली दोन नंबरांखाली दोनदा ठेवा. एखाद्याने तिला एकदा ८८ आणि एकदा ७४ दिले तर त्या दिवशी त्याचा १४ गुणांचा फरक म्हणजे नुसता गोंगाट आहे. मग त्याने दुसऱ्या दोन बाटल्यांत दाखवलेला ५ गुणांचा फरक कितपत धरायचा?

याहून सोपी चाचणी म्हणजे तीन ग्लासांची. दोन ग्लासांत एकच टकीला, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कुठली ते ओळखायचं. अंदाजाने ओळखण्याची शक्यता ३ पैकी १. सलग तीन वेळा बरोबर आलं तर ती शक्यता २७ पैकी १, म्हणजे जेमतेम ३.७ टक्के, तेव्हा त्या माणसाला फरक कळतोय असं मानायला हरकत नाही. दोन टकीलांमधला फरकच ओळखता येत नसेल तर कुठली सरस यावर वाद घालायची गरज उरत नाही.

गुण कशाला द्यायचे?

मी १०० गुणांचे असे भाग पाडतो: वास ३०, चव ३५, घोट गिळल्यावर मागे काय राहतं त्याला २०, एकूण मेळ १०, आणि रूप फक्त ५. हे माझं वाटप आहे, सरकारी नाही. रूपाला इतके कमी का, ते वर बोर्दोच्या विद्यार्थ्यांनी सांगितलंच.

शब्द मात्र आपले वापरा. इंग्रजी रिव्ह्यूमधले शब्द उचलून उपयोग नाही. शिजवलेल्या अगावेचा वास मला भाजलेल्या रताळ्यासारखा, थोडा काकवीसारखा वाटतो. त्यावर ताजे कुटलेले मिरे, लिंबाची साल, कधी पुदिना, कधी पहिल्या पावसाची माती. पिंपातल्या टकीलात व्हॅनिला, दालचिनी, सुकं लाकूड येतं. दोषही लिहायचे: थिनरसारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा भपकारा आला तर ऊर्ध्वपातनाच्या सुरुवातीचा भाग नीट वेगळा काढला नसण्याची शक्यता असते. ‘स्मूद आहे’ एवढंच लिहिलेलं रेटिंग मी सोडून देतो. स्मूद कशामुळे आहे हेच तर शोधायचं असतं, आणि त्या शब्दामागे एक मोठं भांडण दडलंय.

अ‍ॅडिटिव्हचं भांडण

मेक्सिकोच्या नियमांनुसार टकीलात ठरावीक चार प्रकारचे पदार्थ वजनाच्या १ टक्क्यापर्यंत घालता येतात: कॅरॅमल रंग, ओक लाकडाचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक. ते घातले हे लेबलवर छापायची सक्ती नाही. ‘१०० टक्के अगावे’ लिहिलेल्या बाटलीतही ते असू शकतात, कारण तो दावा साखर कुठून आली याबद्दलचा आहे. ग्लिसरीनने घोट मऊ लागतो, पाकाने गोडवा येतो, रंगाने वय वाढल्यासारखं दिसतं.

आता सांगा, अशा बाटलीला गुण किती? ब्लाइंड टेस्टमध्ये ती बऱ्याचदा चांगले गुण घेऊन जाते, कारण जिभेला ती आवडते. एक बाजू म्हणते, ग्लासात जे आहे त्याचे गुण द्या, कसं बनवलं ते आचाऱ्याला विचारू नका. दुसरी बाजू म्हणते, सात वर्षं शेतात उभं राहिलेलं झाड आणि चमचाभर पाक यांना सारखे गुण मिळाले तर चांगलं बनवणाऱ्याने मेहनत कशाला करावी? माझं मत दुसऱ्या बाजूकडे झुकतं, पण गुणांमध्ये कापाकापी करून नाही. चवीचे गुण वेगळे ठेवा आणि बनवण्याच्या पद्धतीची माहिती शेजारी वेगळी छापा. एकाच आकड्यात दोन प्रश्नांची उत्तरं कोंबली की दोन्ही बिघडतात.

‘टकीला मॅचमेकर’ नावाच्या अ‍ॅपने हेच करायचा प्रयत्न केला. त्या अ‍ॅपमध्ये जाणकार पॅनलचे गुण आणि सामान्य वापरकर्त्यांचे गुण वेगवेगळे दाखवतात, जे मला फार पटतं. २०२० च्या सुमारास त्यांनी उत्पादकांच्या कारखान्यात जाऊन, तपासून ‘अ‍ॅडिटिव्ह नाहीत’ अशा ब्रँडची यादी सुरू केली. यादीत येणं उत्पादकाच्या मर्जीवर होतं. ग्राहकांनी ती उचलून धरली, पण सीआरटीने हरकत घेतली. असं प्रमाणित करायचा अधिकार बाहेरच्या कोणाला नाही, असं त्यांचं म्हणणं. २०२४ मध्ये प्रकरण इतकं तापलं की ती यादी अ‍ॅपवरून काढण्यात आली आणि पुढे ते काम ‘अ‍ॅडिटिव्ह फ्री अलायन्स’ या वेगळ्या संस्थेकडे गेलं. मोबाईलमधल्या एका खुणेवरून एवढं रामायण झालं, कारण त्या खुणेमुळे बाटल्या विकल्या जात होत्या.

अ‍ॅपमधला आकडा कसा निघतो?

आता आपला खरा विषय. समजा अ‍ॅपमध्ये दोन बाटल्या आहेत. ‘अ’ ला ४ जणांनी सरासरी ९५ गुण दिले. ‘ब’ ला ६०० जणांनी सरासरी ८४ दिले. नुसती सरासरी लावली तर ‘अ’ पहिली. पण ते ४ जण मालकाचे मेहुणे नाहीत कशावरून?

यावर जुना उपाय म्हणजे बेजियन सरासरी. आयएमडीबीने आपल्या टॉप २५० यादीसाठी याच जातीचं सूत्र वापरलं आहे. कल्पना अशी की प्रत्येक बाटलीला आधीच काही काल्पनिक मतं जोडून द्यायची, आणि ती मतं अ‍ॅपच्या एकूण सरासरीइतकी धरायची. समजा काल्पनिक मतं ५० आणि एकूण सरासरी ७५.

‘अ’ चं गणित: ४ गुणिले ९५ म्हणजे ३८०, अधिक ५० गुणिले ७५ म्हणजे ३७५०. बेरीज ४१३०, भागिले ५४. उत्तर ७६.५.

‘ब’ चं गणित: ६०० गुणिले ८४ म्हणजे ५०४००, अधिक ३७५०. बेरीज ५४१५०, भागिले ६५०. उत्तर ८३.३.

‘ब’ वर आली. ‘अ’ वर अन्याय झाला का? नाही, तिला सांगितलंय की अजून लोक येऊ देत. खरंच चांगली असेल तर ५०० मतांनंतर काल्पनिक मतांचं वजन आपोआप नगण्य होतं.

दुसरा घोळ परीक्षकांच्या स्वभावाचा. शाळेत एक सर ९० च्या खाली देत नाहीत आणि दुसऱ्या बाई ७५ दिले तरी हात आखडतो. समजा गणेशची स्वतःची सरासरी ९० आहे आणि त्याचे गुण साधारण २ ने वर-खाली होतात. सायलीची सरासरी ७०, चढउतार ६ चा. एका बाटलीला गणेशने ९२ दिले आणि सायलीने ८२. गणेश आपल्या सरासरीपेक्षा एकच पायरी वर गेला, सायली दोन पायऱ्या. म्हणजे बाटली सायलीला जास्त आवडली! चांगली अ‍ॅप्स गुण असे प्रत्येकाच्या मापाने मोजून मग एकत्र करतात.

तिसरा घोळ सरासरीचाच. ‘क्रिस्तालिनो’ नावाचा प्रकार आहे: पिंपात मुरवलेली टकीला कोळशातून गाळून पुन्हा पाण्यासारखी स्वच्छ करतात. काहींना ती जाम आवडते, काही नाक मुरडतात. निम्म्यांनी ९० आणि निम्म्यांनी ५० दिले तर सरासरी ७०. पण ७० देणारा माणूस एकही नाही! म्हणून आकड्याखालचा पट्ट्यांचा आलेख उघडून बघत जा. दोन टोकांना ढीग असतील तर सरासरी विसरा आणि आपण कुठल्या टोळीत बसतो ते रिव्ह्यू वाचून ठरवा.

आणि एक: दुसऱ्यांचे गुण आधी दिसले की आपण तिकडे ढकलले जातो. २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या प्रयोगात एका साइटवरच्या कमेंटना संशोधकांनी मुद्दाम एक खोटा ‘लाइक’ दिला. त्यानंतरच्या पहिल्या वाचकाने लाइक करण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि त्या कमेंटचे शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी वर गेले. तुम्ही स्वतः रेटिंग देत असाल तर आधी आपला आकडा टाका, मग इतरांचे बघा.

पदकं आणि फुकटच्या बाटल्या

सॅन फ्रान्सिस्को वर्ल्ड स्पिरिट्स कॉम्पिटिशनसारख्या मोठ्या स्पर्धा ब्लाइंड असतात. तिथे पॅनलमधल्या सगळ्यांनी सुवर्ण दिलं तरच डबल गोल्ड मिळतं. पद्धत चांगली आहे, पण स्पर्धेत उतरायला ब्रँडला शुल्क भरावं लागतं. जे उतरलेच नाहीत ते हरले असं होत नाही. दुकानात एका रांगेत पाच बाटल्यांवर सोनेरी स्टिकर दिसला तर हे लक्षात असू दे.

रिव्ह्यू करणाऱ्याला बाटली फुकट मिळाली असेल तर त्याने ते सांगायलाच हवं, आणि शेवटी बारीक अक्षरात नाही. भारतात जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी तसे नियम केले. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९००० हे मानक नोव्हेंबर २०२२ पासून आहे, मात्र ते ऐच्छिक आहे. अमेरिकेत खोट्या रिव्ह्यूंवर बंदी घालणारा नियम २०२४ मध्ये लागू झाला.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लेबलवरचा एनओएम नंबर कशासाठी असतो?

तो चार आकडी नंबर बाटली कुठल्या उत्पादकाने बनवली ते सांगतो. उदाहरणार्थ, पॅट्रॉनवर १४९२ असतो. एकाच नंबराखाली कधी कधी अनेक ब्रँड निघतात. सेलिब्रिटीच्या नावाची महाग बाटली आणि बिननावाची स्वस्त बाटली एकाच छपराखालची आहे का, हे नंबर सर्च करून दोन मिनिटांत कळतं.

५ पैकी स्टार बरे की १०० पैकी गुण?

घरच्या वापराला ५ किंवा १० पुरे. १०० गुणांच्या पट्टीवर लोक प्रत्यक्षात ७० ते ९५ एवढीच जागा वापरतात, आणि ८७ व ८८ मधला फरक एकाच माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा सापडत नाही.

एकदा दिलेले गुण बदलावेत का?

बदलावेत, पण जुना आकडा खोडू नका. तारखेसह दोन्ही ठेवा. बाटली अर्धी झाली की आत हवा वाढते आणि काही आठवड्यांत वास बदलायला लागतो, त्यामुळे पहिल्या दिवशीचे आणि दोन महिन्यांनंतरचे गुण वेगळे निघू शकतात.